बदललेली आयसी निराळी कां वागते?

पनवेल तालुक्यांतील गव्हाण हें गांव खाडीकडच्या ज्या पट्ट्यांत वसलें आहे, त्या पट्ट्याचें रूप गेल्या अर्धशतकांत पार पालटलें. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली. १९८९ सालीं न्हावा-शेवा येथील बंदर सुरू झालें. १२ जानेवारी २०२४ रोजीं शिवडीस या किनाऱ्याशीं जोडणाऱ्या अटल सेतूचें उद्घाटन झालें. भातशेतीच्या आणि मिठागरांच्या या मुलुखांत आतां घरोघरीं पाण्याचा पंप, इन्व्हर्टर, दूरदर्शन-संच आणि धुलाईयंत्र हीं नेहमींचीं उपकरणें होऊन बसलीं आहेत. उपकरणें आलीं म्हणजे त्यांच्याबरोबर त्यांच्या बिघाडाचे प्रसंगही येतात. आणि त्या प्रसंगांपैकीं एक असा आहे कीं, तो सुशिक्षित गृहस्थासही चकवितो.

समजा, गव्हाणांतील एका घराच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे. टाकी रिकामी होतांच पंप आपोआप सुरू व्हावा आणि भरतांच बंद पडावा, यासाठीं जिन्याखालीं एक लहानशी पेटी बसविलेली आहे. वळवाच्या एका पावसांत वीज कडाडली आणि पेटीचें काम थांबलें. कारागिरानें पेटी उघडून पाहिली व आंतील आठ पायांची आयसी गेल्याचें सांगितलें. मुंबईंत ग्रँट रोड स्थानकाजवळ ज्याला अधिकृतपणें डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग म्हणतात, पण ज्याला सर्व जग लॅमिंग्टन रोड म्हणूनच ओळखतें, तेथून त्याच कामाची म्हणून विकली जाणारी नवी आयसी आणून त्यानें बसविली. पेटीवरील तांबडा दिवा लागला. घरच्या मंडळींस हायसें वाटलें. परंतु पंप कांहीं सुरू होईना. एरवीं रिले ओढला गेला म्हणजे जो ‘टक्‌’ असा आवाज होई, तो होत नव्हता. कधीं कधीं तर रिले नुसता थरथरत राही.

अशा वेळीं तीन मतें हटकून पुढें येतात. घरधनी म्हणतो, दुकानदारानें नकली माल गळ्यांत बांधला. दुकानदार म्हणतो, माल अस्सल आहे, बोर्डच खराब असला पाहिजे. कारागीर कंटाळून म्हणतो, सबंध पेटीच बदलून टाकावी. तिघांचेंही म्हणणें शक्य कोटींतलें आहे. पण तिघांपैकीं एकानेंही अद्याप कांहीं मोजलेलें नाहीं. प्रश्न पाण्याच्या टाकीपुरता असेल तर चुकीच्या निर्णयाची किंमत कांहीं शें रुपये आणि वाहून गेलेलें पाणी एवढीच असते. तोच प्रश्न इन्व्हर्टरमध्यें अथवा आजाऱ्याच्या उशाशीं असलेल्या प्राणवायूच्या यंत्रांत उद्भवला, तर तो पैशाचा प्रश्न रहात नाहीं. म्हणून बदललेली आयसी मूळच्या आयसीहून निराळी कां वागते, हें थोडें मुळापासून समजून घेणें इष्ट आहे.

आयसी म्हणजे सिलिकनच्या एका बारीकशा तुकड्यावर कोरलेलें संपूर्ण विद्युन्मंडल. एकाच तुकड्यावरचें मंडल अमेरिकेंत जॅक किल्बी यांनीं १९५८ सालीं प्रथम चालवून दाखविलें आणि रॉबर्ट नॉइस यांनीं १९५९ सालीं तें मोठ्या प्रमाणावर तयार करण्याजोगी पद्धति सुचविली. त्या तुकड्यास काळ्या आवरणांत बंद करून बाहेर धातूचे पाय काढलेले असतात आणि पाठीवर एक नंबर छापलेला असतो. हा नंबर वाचतां येणें ही दुरुस्तीची पहिली पायरी होय. नंबराचें पुढचें अक्षर पुष्कळदां कंपनीची किंवा जातीची खूण असतें. मधला आंकडा ती आयसी कोणत्या कामाची आहे तें सांगतो. आणि शेवटचीं अक्षरें आवरणाचा प्रकार, तपमानाची मर्यादा किंवा गति दर्शवितात. उदाहरणार्थ, एनई ५५५ ही ० ते ७० अंश सेल्सियस तपमानासाठीं आहे, एसए ५५५ ही उणे ४० ते ८५ अंशांसाठीं, तर एसई ५५५ ही उणे ५५ ते १२५ अंशांसाठीं. आंकडा तिघींचा एकच. परंतु उन्हाळ्यांत पत्र्याच्या पेटीमध्यें पहिलीनें मान टाकली व तिसरीनें टाकली नाहीं, तर त्यांत नवल मानण्याचें कारण नाहीं.

एकाच नंबराची आयसी अनेक कंपन्या तयार करतात. प्रत्येक कंपनी आपल्या आयसीचें डेटाशीट प्रसिद्ध करते व त्यांत तिच्या गुणांचे आंकडे देते. हे आंकडे दोन प्रकारचे असतात. कांहीं आंकडे हमीचे असतात: इतक्याहून कमी नाहीं, तितक्याहून अधिक नाहीं. इतर आंकडे ‘सामान्यतः आढळणारे’ एवढेच असतात; त्यांची हमी कोणीच घेत नाहीं. मूळ यंत्र ज्यानें आंखलें त्यानें जर हमीच्या आंकड्यांवर भिस्त ठेवली असेल, तर कोणत्याही कंपनीची आयसी त्यांत सुखानें चालते. पण त्यानें हातांत आलेल्या चार नमुन्यांचें वागणें पाहून यंत्र बेतलें असेल, तर तें यंत्र त्या नमुन्यांच्या नकळत असलेल्या गुणांवर उभें असतें. मूळची आयसी असेपर्यंत हें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. ती बदलली कीं उघडें पडतें.

ही अडचण नवी नाहीं. जुन्या नभोवाणी-संचांतील व्हॉल्व्ह बदलतांनाही ती येत असे. ६व्ही६ आणि ६एल६ या दोन व्हॉल्व्हांच्या पायांची मांडणी सारखीच. एकाच्या खोबणींत दुसरा बेमालूम बसतो. परंतु पहिल्याच्या तापतारेस ०.४५ अँपिअर प्रवाह लागतो, तर दुसऱ्याच्या तारेस ०.९ अँपिअर, म्हणजे बरोबर दुप्पट. ज्या संचाचा ट्रान्सफॉर्मर पहिल्याच्या बेतानें गुंडाळला आहे, त्यावर दुसऱ्याचा भार टाकला तर संच कांहीं दिवस उत्तम गातो आणि मग ट्रान्सफॉर्मर जळतो. खोबणींत बसणें हा एकरूपतेचा पुरावा नव्हे, हा धडा त्या काळचे कारागीर अनुभवानें शिकले होते.

आतां गव्हाणच्या त्या पेटीकडे वळावें. तिच्यांतील आयसी ५५५ या आंकड्यानें जगभर प्रसिद्ध आहे. हान्स कामेन्झिंड यांनीं सिग्नेटिक्स कंपनीसाठीं १९७१ सालीं तिचा आराखडा केला आणि १९७२ पासून ती बाजारांत आली. ठराविक वेळ मोजणें आणि दाब ठराविक पातळीच्या वर गेला कीं खालीं हें ओळखणें, हीं तिचीं कामें. तिच्या आज दोन जाती आहेत. मूळ जात द्विध्रुवी ट्रान्झिस्टरांची; तिला ४.५ ते १६ व्होल्ट दाब लागतो आणि तिच्या निर्गम-पायांतून २०० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह बाहेर देतांही येतो व आंत घेतांही येतो. दुसरी जात सीमॉस तंत्राची. ७५५५, टीएलसी ५५५, एलएमसी ५५५ अशा नांवांनीं ती मिळते. पायांची मांडणी तीच. ही जात अवघ्या २ व्होल्टवरही चालते आणि स्वतः फारच थोडा प्रवाह खाते. मूळ जात ५ व्होल्टवर नुसती बसून असतांना सुमारे ३ मिलिअँपिअर घेते, तर सीमॉस जात त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी घेते. पण निर्गमाच्या बाबतींत ती दुबळी आहे. टीएलसी ५५५च्या डेटाशीटप्रमाणें ती १०० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह आंत घेऊं शकते, परंतु बाहेर देण्याचा तिचा आंकडा अवघा १० मिलिअँपिअर आहे.

पेटींतील रिले १२ व्होल्टचा असून त्याच्या वेटोळ्याचा रोध ४०० ओहम धरला, तर त्यास ३० मिलिअँपिअर प्रवाह लागतो. असा रिले साधारणतः नेमलेल्या दाबाच्या तीन चतुर्थांश, म्हणजे सुमारे ९ व्होल्ट मिळाले कीं ओढला जातो. मूळची ५५५ एवढा प्रवाह देऊनही निर्गमावर साडेदहा व्होल्टच्या आसपास दाब टिकविते. म्हणून ‘टक्‌’ असा आवाज होई. नव्या आयसीवर तोच भार येतांच तिचा दाब खचतो आणि ९ व्होल्टच्या खालीं घसरतो. तांबड्या दिव्यास दोन-चार मिलिअँपिअर पुरतात, म्हणून दिवा मात्र लागतो. गंमत अशी कीं, रिले सोडवून ठेवला व निर्गमावरील दाब मोजला, तर नवी आयसी जवळ जवळ पुरते १२ व्होल्ट दाखविते; म्हणजे जुनीपेक्षांही अधिक. तेवढेंच पाहणारास ती अधिक चांगली वाटेल. भार जोडलेला असतां आणि भार सोडविलेला असतां, अशीं दोन मोजमापें घेतल्याखेरीज तिचा दुबळेपणा कळत नाहीं.

यावरून दिसून येईल कीं, या प्रसंगीं दुकानदारानें फसविलें नव्हतें, बोर्डही खराब नव्हता आणि पेटी फेकण्याचेंही कारण नव्हतें. आयसी अस्सल होती, निर्दोष होती. फक्त या मंडलानें तिच्याकडून जें मागितलें तें देण्याचें वचन तिनें कधींच दिलेलें नव्हतें. उपाय दोन. एक तर द्विध्रुवी जातीची ५५५ आणून बसवावी. नाहीं तर आहे ती राहूं देऊन तिच्या निर्गमापुढें एक लहान ट्रान्झिस्टर व रोधक घालावा, रिलेच्या वेटोळ्यावर उलट दिशेनें डायोड आहे ना हें पहावें आणि भार त्या ट्रान्झिस्टरवर टाकावा.

उलट बाजूची चूकही तितकीच घडते. बॅटरीवर चालणाऱ्या उपकरणांत मूळची आयसी सीमॉस जातीची असून तिच्या जागीं द्विध्रुवी बसविली, तर उपकरण चालतें खरें, परंतु महिनोन्‌महिने पुरणारी बॅटरी कांहीं दिवसांत संपते. शिवाय द्विध्रुवी ५५५ आपली अवस्था बदलतांना क्षणभर मोठा प्रवाह ओढते. त्या हिसक्यानें शेजारची आयसी गोंधळून जाते आणि दोष त्या शेजारणीच्या माथीं येतो.

हाच प्रकार निरनिराळ्या वेषांत इतरत्रही आढळतो. गणकयंत्रांत व जुन्या नियंत्रक बोर्डांत ७४ या आंकड्यानें सुरू होणाऱ्या आयसी असतात. मधल्या अक्षरांवरून त्यांची जात कळते: एलएस, एचसी, एचसीटी. एलएस जातीची आयसी ‘होय’ असें सांगतांना किमान २.७ व्होल्ट देण्याची हमी घेते, आणि त्याच जातीची पुढली आयसी २ व्होल्टवर ‘होय’ समजते, म्हणजे ०.७ व्होल्टचें अंतर गैरसमजाविरुद्ध हाताशीं राहतें. तिच्या जागीं एचसी जातीची आयसी बसविली, तर ५ व्होल्टच्या मंडलांत तिला ‘होय’ कळण्यास सुमारे साडेतीन व्होल्ट लागतात. प्रत्यक्षांत एलएस आयसी ३.४ व्होल्टच्या आसपास देत असते. म्हणून टेबलावर बोर्ड कधीं चालतो, कधीं चालत नाहीं. एका अक्षराची भर पडून एचसीटी झाली, कीं उंबरठा पुन्हां २ व्होल्टवर येतो आणि सर्व सुरळीत होतें. याखेरीज, मोकळा सोडलेला पाय एलएस जातीस ‘होय’ असा वाटतो. सीमॉस जातीस मात्र तो कसाही वाटूं शकतो, आणि हात जवळ नेला तरी तिचें मत बदलतें. जुन्या बोर्डावर असा एखादा पाय आळसानें मोकळा ठेवलेला असेल, तर मूळ आयसी असेपर्यंतच तो आळस पचतो.

५ व्होल्टचा स्थिर दाब देणारी ७८०५ ही आयसी घराघरांतील उपकरणांत असते. तिला आउटपुटपेक्षां सुमारे २ व्होल्ट अधिक दाब पुरवावा लागतो. एलएम २९४० ही तिच्याच आकाराची व त्याच पायांची आयसी अर्ध्या व्होल्टच्या फरकावरही काम करते, म्हणून सुधारलेली जागा-भरती म्हणून ती पसंत केली जाते. परंतु तिच्या निर्गमावर किमान २२ मायक्रोफॅरडचा आणि आंतरिक रोध ठराविक मर्यादेंत असलेला कंडेन्सर हवा. ७८०५ला असें बंधन नसल्यामुळें जुन्या बोर्डावर पुष्कळदां तेथें फारच लहान कंडेन्सर असतो. मग नवी आयसी स्थिर दाब देण्याऐवजीं कंप पावूं लागते. साधा मल्टिमीटर सरासरी दाखवीत असल्यामुळें त्यावर ५ व्होल्टच दिसतात, आणि पुढचें मंडल मात्र वेड्यासारखें वागतें. याच कुटुंबांतील ७८एल०५ ही धाकटी आयसी तर पायांचा क्रमच उलटा ठेवते: थोरलीचा पहिला पाय दाब आंत घेण्याचा, तर धाकटीचा पहिला पाय दाब बाहेर देण्याचा.

चार्जर व इन्व्हर्टर यांतील यूसी ३८४२ आणि यूसी ३८४३ या आयसींमध्यें फरक शेवटच्या एका आंकड्याचा. पहिली १६ व्होल्ट मिळाल्याशिवाय जागीच होत नाहीं आणि १० व्होल्टच्या खालीं झोपी जाते, दुसरी ८.४ व्होल्टवर जागी होते व ७.६ व्होल्टपर्यंत काम करते. ज्या मंडलांत १२ व्होल्टच मिळतात तेथें ३८४३च्या जागीं ३८४२ घातली, तर ती कधींच सुरू होणार नाहीं. आणि दहा आयसी बदलल्या तरी दाहींवर दोषाचा शिक्का बसेल.

ध्वनिवर्धकांत ७४१ ही आयसी १९६८ सालापासून आहे. तिचा वेग अर्धा व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद. तिच्या जागीं टीएल ०७१ घातली, तर तो वेग सुमारे १३ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद होतो. ज्या बोर्डावर तारा लांब आहेत व दाबाच्या पायाजवळ कंडेन्सर नाहीं, तेथें संथ ७४१ निमूटपणें काम करी. चपळ टीएल ०७१ तेथें शिट्टी घालूं लागते. सरस वस्तूनें काम बिघडतें तें असें.

धुलाईयंत्रासारख्या उपकरणांतील नियंत्रक आयसींची गोष्ट आणखी निराळी. तिच्यांत यंत्र बनविणाऱ्या कंपनीनें आज्ञावली भरलेली असते. त्याच नंबराची कोरी आयसी आणून बसविणें म्हणजे लिहिलेल्या वहीच्या जागीं त्याच कारखान्याची कोरी वही ठेवणें. ती मुकी राहिली तर तो तिचा दोष नव्हे.

एवढें सांगितल्यावर नकली मालाचा विचार केला पाहिजे. कारण तो माल बाजारांत आहे, हेंही तितकेंच खरें. टाकाऊ बोर्ड तापवून त्यांवरील जुन्या आयसी काढतात, त्यांची पाठ घासून पहिला नंबर पुसतात, वर काळा लेप देतात आणि अधिक किमतीचा नंबर छापतात. अमेरिकन सिनेटच्या सैन्यविषयक समितीनें मे २०१२ मध्यें प्रसिद्ध केलेल्या अहवालांत संशयास्पद सुट्या भागांचीं सुमारे १,८०० प्रकरणें नोंदलेलीं असून त्यांतील भागांची संख्या १० लाखांहून अधिक होती. लष्कराच्या सामग्रींत जर असे भाग शिरूं शकतात, तर घरच्या पंपाच्या पेटींत ते शिरणार नाहींत असें म्हणतां येणार नाहीं. २०२० नंतर जगभर चिपांचा तुटवडा पडला, तेव्हां अनोळखी विक्रेत्यांकडून माल घेण्याचे प्रसंग वाढले आणि त्याबरोबर हा धोकाही वाढला.

नकली आयसी ओळखण्याच्या कांहीं खुणा साध्या आहेत. पाठीवर एकाच दिशेनें घासल्याचे चरे, पहिल्या पायाची खूण दाखविणारा खळगा अर्धवट भरलेला, पायांवर जुन्या डाखाचे अवशेष, आणि एकाच पुड्यांतील आयसींच्या पोटावर निरनिराळ्या देशांचीं नांवें. पुष्कळ कंपन्या तयार झाल्याची वेळ चार आंकड्यांत छापतात: पहिले दोन वर्षाचे व पुढचे दोन आठवड्याचे. त्या रीतीनें २३१५ म्हणजे २०२३ सालचा पंधरावा आठवडा. अशा ठिकाणीं शेवटचे दोन आंकडे ५३हून मोठे असतील, तर संशयास जागा आहे. ॲसिटोनच्या बोळ्यानें पाठ पुसली असतां लेप निघून आला, तर संशय बळावतो. परंतु कांहीं अस्सल आयसींवरील शाईही पुसली जाते, म्हणून या एका खुणेवर निकाल देऊं नये.

कांहीं नकला मात्र कामांत इतक्या तंतोतंत असतात कीं, त्या केवळ एखाद्या अनपेक्षित प्रसंगींच उघड होतात. संगणकास यूएसबीनें उपकरण जोडणारी एफटी २३२ ही स्कॉटलंडमधील एफटीडीआय कंपनीची आयसी. तिच्या नकला पुष्कळ उपकरणांत वर्षानुवर्षें निर्वेध चालत होत्या. ऑक्टोबर २०१४ मध्यें कंपनीचा नवा ड्रायव्हर विंडोजच्या नेहमींच्या सुधारणांबरोबर घरोघरच्या संगणकांत उतरला. त्यानें नकली आयसींचा ओळख-क्रमांक शून्य करून टाकला, आणि उपकरणें एका रात्रींत निकामी झालीं. ज्यांनीं तीं विकत घेतलीं त्यांस आंतील आयसी नकली असल्याची कल्पनाही नव्हती. ओरड झाल्यावर तो ड्रायव्हर मागें घेण्यांत आला.

तिसरी शक्यता बहुतेक वेळां विसरली जाते, ती शेजाऱ्याच्या दोषाची. आयसी सहसा आपण होऊन मरत नाहीं; तिला कोणीतरी मारलेलें असतें. खाडीकडच्या खाऱ्या, दमट हवेनें बोर्डावर मिठाचा पापुद्रा बसतो आणि दोन तारांच्या मधून चोरटा प्रवाह वाहूं लागतो. जुना कंडेन्सर आंतून सुकतो व दाब स्थिर ठेवीनासा होतो. विजेच्या ज्या धक्क्यानें आयसी गेली त्यानेंच शेजारचा डायोड अर्धमेला केलेला असतो. कारण जागच्या जागीं ठेवून आयसी तेवढी बदलली, तर नवी आयसी विचित्र वागते, आणि कांहीं काळानें तीही जाते. शिवाय सीमॉस जातीची आयसी हाताळतांना अंगावरील स्थिर विद्युतेनेंही दुखावते. अशी आयसी अस्सल असूनही बसविण्यापूर्वींच निकामी झालेली असते.

म्हणून तपासाचा क्रम ठरलेला असावा. जुनी आयसी काढण्यापूर्वीं बोर्डाचें छायाचित्र घ्यावें, तिच्या पाठीवरचीं सर्व अक्षरें उतरून घ्यावींत आणि पहिला पाय कोणत्या बाजूस आहे तें टिपावें. जुनी आयसी टाकून देऊं नये. ती मेलेली असली तरी साक्षीदार आहे. नवी बसविण्यापूर्वीं तिच्या दाबाच्या पायांशीं बोर्ड काय पुरवितो हें मोजावें. थेट डाख न देतां खोबण बसवावी, म्हणजे आयसींची अदलाबदल करतां येते. पायाजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर आहे कीं नाहीं, हें पहावें, नसल्यास घालावा. मग दोन्ही डेटाशीटें समोर ठेवून पायांचा क्रम, दाबाची मर्यादा, ‘होय-नाहीं’चे उंबरठे, निर्गमाचा प्रवाह, वेग आणि लागणारा कंडेन्सर, या सहा बाबी ओळीनें ताडून पहाव्या. ‘सामान्यतः’ या सदराखालचे आंकडे सोडून हमीचे तेवढे आंकडे तुलनेस घ्यावे.

तेवढ्यानें उलगडा न झाल्यास अदलाबदलीची परीक्षा घ्यावी. संशयित आयसी ज्या बोर्डावर मूळ आयसी चांगली चालते अशा दुसऱ्या बोर्डावर बसवावी, आणि त्या बोर्डाची चांगली आयसी या बोर्डावर आणावी. दोष आयसीबरोबर गेला तर आयसी निराळी किंवा वाईट. दोष बोर्डापाशींच राहिला तर शेजारी दोषी. आणि संशयित आयसी तिकडे उत्तम चालून इकडेच अडली, तर दोघेही चांगले असून त्यांचें एकमेकांशीं जुळत नाहीं, असें समजावें. एका वेळीं एकच बदल करावा. एकदम तीन भाग बदलल्यावर यंत्र चाललें, तर तें कशानें चाललें हें कळत नाहीं, आणि पुढल्या खेपेस तोच खर्च पुन्हां करावा लागतो.

एक इशारा येथें देणें अवश्य आहे. चार्जर, इन्व्हर्टर व दूरदर्शन-संच यांच्या आंत घरच्या २३० व्होल्टांपासून सुमारे ३२५ व्होल्टांचा सरळ दाब तयार होतो, आणि तारेची खुंटी काढल्यावरही तो मोठ्या कंडेन्सरमध्यें कांहीं काळ टिकून राहतो. अशी पेटी शिकलेल्या कारागिरानेंच उघडावी. घरच्या माणसांनीं तपासाचा क्रम ठाऊक असून कारागिरास योग्य प्रश्न विचारले, तरी पुष्कळ काम होतें. जुनी आयसी कोठें आहे, नवीचा पूर्ण नंबर काय, भार जोडून दाब किती राहतो, हे तीन प्रश्न विचारणारास सबंध बोर्ड बदलण्याचा सल्ला सहसा मिळत नाहीं. आजाऱ्याच्या यंत्राच्या बाबतींत मात्र ‘चालतें आहे’ एवढ्यावर समाधान मानूं नये. तेथें यंत्र बनविणाऱ्या कंपनीनें मान्य केलेलाच भाग असावा व बसविल्यावर यंत्राची पुन्हां परीक्षा व्हावी.

गव्हाणच्या त्या घरीं शेवटीं काय करावयाचें, हें आतां सांगण्याची गरज उरली नाहीं. भार जोडून व सोडून दोन मोजमापें, एक चार-सहा रुपयांचा ट्रान्झिस्टर आणि एक डायोड, एवढ्यावर पंप पुन्हां चालूं लागतो. दुकानदाराशीं भांडण उरत नाहीं आणि चांगली पेटी कचऱ्यांत जात नाहीं. फक्त एक काम राहतें: जुनी आयसी कोणती होती, नवी कोणती बसविली आणि तिच्यासाठीं मंडलांत काय बदल केला, हें एका चिठ्ठीवर तारखेसह लिहून ती चिठ्ठी पेटीच्या झांकणाच्या आंतल्या बाजूस चिकटवावी. पांच-सात वर्षांनीं एखाद्या वळवाच्या पावसांत वीज पुन्हां कडाडेल. तेव्हां झांकण उघडणाऱ्या कारागिरास पाठीवरच्या नंबरापेक्षां त्या चिठ्ठीचाच अधिक उपयोग होईल.